एका इंचात किती तार

येवल्यात नववीच्या वर्गाला धाराविद्युत शिकवायची तर तांब्याची तार शोधत बसावं लागत नाही. कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात जरीचा तुकडा निघतोच. काही मुलांच्या घरात हातमाग असतो, काहींच्या शेजारी असतो, आणि ज्यांच्या घरी कांद्याची शेती आहे ती मुलं मधल्या सुट्टीत चिंचा देऊन जर मिळवतात. मी मूळचा संगमनेरकडचा. सुईदोऱ्यापलीकडे आमच्या घरात धाग्याशी कुणाचा संबंध नव्हता. इथं विज्ञान शिकवायला आलो तेव्हा ताणा कुठला आणि बाणा कुठला हे मला मुलांनी सांगितलं. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. एवढ्या शिदोरीवर पुढची बरीच वर्षं मी वीज, ध्वनी आणि प्रकाश शिकवत आलो.

जरीचा प्रयोग सोपा आहे. दोन पेन्सिल सेल, बॅटरीतला छोटा बल्ब आणि तारेच्या जागी जर. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची चपटी, बारीक पट्टी. वीतभर जर लावली की बल्ब लागतो. हातभर लावली की मंद होतो. पुस्तकात लांबी वाढली की रोध वाढतो असं एक वाक्य आहे. ते मुलं इथं वाचायच्या आधी बघतात. मग तेवढ्याच लांबीचे दहाबारा धागे एकत्र पिळून लावायचे. बल्ब पुन्हा उजळतो. समांतर जोडणीवर फळ्यावर आकृती काढून जे समजावायला मला अर्धा तास लागायचा, ते ह्या पिळात आटपतं.

पुढं गंमत सुरू होते. एखाद्याने आणलेल्या जरीला बल्ब दाद देत नाही. ती प्लास्टिकची असते: पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर आणि त्यावर रोगण. दिसायला झगझगीत, पण विजेच्या दृष्टीने तो नुसता दोरा. ज्याची जर लागत नाही त्याचा चेहरा पडतो आणि ज्याची लागते तो लगेच जाहीर करतो, आमची खरी. तिथं मला मधे पडावं लागतं. बल्ब लागला म्हणजे चांदी आहे असं होत नाही, तांबंही बल्ब लावतं. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली जर आणि तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जर, दोन्ही आमच्या दोन सेलांच्या परीक्षेत सारख्याच गुणांनी पास होतात. प्रयोग कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कुठल्या प्रश्नाचं देत नाही, हे शिकवायला मला जरीपेक्षा चांगलं साधन मिळालेलं नाही. त्यातून एखाद्याच्या वडिलांचं दुकान असेल तर मुलाला घरी जाऊन काय बोलू नये हेही सांगून ठेवतो.

घरातल्या प्लगाशी ह्यातलं काहीही करायचं नाही, हे मात्र दर वर्षी दटावून सांगावं लागतं. दोन सेल मिळून ३ व्होल्ट होतात, भिंतीत २३० आहेत. आणि संक्रांत जवळ आली की ११,००० व्होल्टचा धडा. येवल्यात पतंग एक दिवस उडत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात मांजाची आसारी, मान वर, आणि पायाखाली कठडा आहे की नाही याची कुणाला शुद्ध नसते. तारेत अडकलेला पतंग काढायला पोरं काठ्या घेऊन जातात. 'सर, पारवा बसतो की तारेवर, त्याला काही होत नाही,' हा प्रश्न ठरलेला. पारव्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, दोन पायांत विभवांतर जवळजवळ नसतं, म्हणून धारा त्याच्यातून जात नाही. तुझा एक हात तारेत अडकलेल्या ओल्या दोऱ्याला आणि पाय गच्चीवर, म्हणजे तू तार आणि जमीन जोडलीस. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली ती पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणून. साधा सुती दोराही दवाने भिजला की विजेला वाट देतो, हे मला त्यात जोडावं लागतं.

त्याच तीन दिवसांत ध्वनीचा धडाही होऊन जातो. पलीकडच्या पेठेतल्या गच्चीवर हलकडी हे वाद्य वाजत असते. वाजवणाऱ्याची काठी पडताना दिसते आणि आवाज मागून येतो. दीडेकशे मीटर अंतर असेल तर जवळजवळ अर्धा सेकंद मागून, कारण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. एकदा लक्षात आलं की मुलांना दुसरं काही दिसेनासं होतं. पतंग कापला जातो आणि पोरगा अंतर मोजत असतो.

ट्यूबलाइटचा प्रकार मात्र मला एका मुलीने दाखवला. तिच्या घरी माग आहे. संध्याकाळी आई मागावर बसली की ती शेजारी बसून तिल्ल्या, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांड्या, भरायची. तिचं म्हणणं असं की दिवसा बाणा नेणारा धोटा जाताना नुसती रेघ दिसते, पण ट्यूबखाली धोट्याच्या टोकाचे ठिपके ठिपके दिसतात, ओळीने. मी तिच्या घरी जाऊन बघितलं. चोकवाली जुनी ट्यूब होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होते. प्रत्येक फेऱ्यात ट्यूब दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ती लखलख कळत नाही. पण धातूचं चकचकीत टोक भरधाव जात असेल तर प्रत्येक उजळण्याला ते जिथं असेल तिथं त्याचा ठसा उमटतो. दोन ठशांत अडीच सेंटिमीटर अंतर असेल तर एका सेकंदात अडीच मीटर. आईच्या हातातल्या धोट्याचा वेग तिने पाटीवर काढला आणि आईला सांगितला. आई म्हणाली, 'आता मोजलास ना, मग तिल्ल्या भर.'

येवल्यात उजेड ही कामाची वस्तू आहे, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. भारनियमनाच्या वर्षांत यंत्रमाग बंद पडायचे, हातमागाला विजेची गरज नव्हती, तरी पदराचं काम थांबायचं. पदरात एकेका रंगाची वेगळी तिल्ली असते. मोराच्या मानेत निळा कुठं संपतो आणि हिरवा कुठं सुरू होतो ते तारा मोजून ठरतं. मिणमिणत्या दिव्यात ते होत नाही. म्हणून जुन्या घरांत माग खिडकीला लागून असायचा. आता एलईडी आले, खिडकीशी लगट कमी झाली, पण रंगांच्या तक्रारी वाढल्या.

तक्रार अशी असते. दुकानात वांगी रंग म्हणून घेतलेली पैठणी घरी उन्हात धरली की तांबूस वाटते, किंवा काठाचा जांभळा आणि पदराचा जांभळा रात्री एक दिसतात आणि सकाळी दोन. गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. विणणारा म्हणतो, मी तर समोर ठेवून जुळवले. दोघंही खरं बोलत असतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत. धाग्यावरून येणाऱ्या प्रकाशात कुठल्या तरंगलांबीचा वाटा किती, याचा सगळा हिशेब डोळा त्या तीन आकड्यांत गुंडाळतो. दोन वेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेले धागे एका दिव्याखाली तेच तीन आकडे देऊ शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे. दोष धाग्यात असेलच असं नाही. दिवा कुठल्या रंगांचा किती उजेड देतो, त्यावर बरंच असतं.

हे पटवायला जुन्या सीडी कामाला आल्या. सीडी तिरपी धरून तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब बघायचं. पिवळ्या तारेच्या बल्बाचा पट्टा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग दिसतो. ट्यूबचा तुटक, मधला हिरवा ठसठशीत आणि आजूबाजूला अंधारलेल्या फटी. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा उंचवटा, मग जरा खळगा, मग बाकीचे रंग. एका विणकर काकांनी सीडी हातात घेऊन वरखाली करत तिन्ही दिवे बघितले आणि विचारलं, 'गुरुजी, हिच्यावर रेघा आहेत का?' बरोबर विचारलं त्यांनी. सीडीवरच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉन अंतर असतं, म्हणजे एका मिलिमीटरात ६२५ ओळी. त्यांच्या भाषेत सांगायचं म्हणून मी इंचात आकडा काढला: पंधरा हजारांच्या वर. काका हसले. 'ह्याची फणी कोण बनवणार?' ताण्याच्या तारा मागावरच्या ज्या कंगव्याच्या घरांतून ओवतात, ती फणी.

एका इंचात किती तार, हा येवल्याचा रोजचा प्रश्न आहे. माझ्या मते वर्गातल्या मुलांची खरी पुंजी तिथंच आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं अंतर बहुतेक ठिकाणी मुलांना कल्पनेत आणावं लागतं. इथल्या मुलाने ते बोटांनी हाताळलेलं असतं. तुटलेली तार फणीच्या नेमक्या घरातून ओवून परत बांधणाऱ्या मुलीला 'अतिसूक्ष्म अंतर' म्हणजे काय हे मी काय सांगणार? म्हणून तरंगांकडे जायची वाट मी फणीतून काढली. पाठ्यपुस्तकात विवर्तन, म्हणजे फटीतून जाताना लाटेचं पसरणं, दहावीपर्यंत येत नाही, बारावीला येतं. परीक्षेत ह्याला गुण शून्य. एका प्रदर्शनात आमचा पुढं सांगतो तो ओढणीचा प्रयोग मांडला तेव्हा परीक्षक दोन मिनिटं थांबले आणि शेजारच्या थर्माकोलच्या धरणाकडे गेले. धरणात पाणी फिरत होतं, खालचा दिवा लागत होता. दोष कुणाला द्यावा?

प्रयोग रात्रीचा. पातळ रेशमी ओढणी डोळ्यासमोर ताणून धरायची आणि लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघायचं. पैठणीचं कापड ह्याला चालत नाही, ते घट्ट असतं, दिवा नुसता धूसर होतो. ओढणीतून मात्र एका दिव्याच्या जागी दिव्यांची जाळी दिसते: मधे मूळ दिवा, त्याच्या डावीउजवीकडे आणि वरखाली ओळीने ठिपके. रस्त्यावर पिवळे दिवे होते तेव्हा ठिपकेही बहुतेक पिवळेच असायचे, कडेला जराशी लालहिरवी छटा. पांढरे एलईडी आल्यापासून प्रत्येक ठिपक्याचं छोटं इंद्रधनुष्य होतं, निळा आतल्या बाजूला आणि तांबडा बाहेर.

पहिला अंदाज सगळ्यांचा एकच असतो: हे धागेच दिसतायत. मग ओढणी सरकवायची. धागे सरकले, ठिपके जागचे हलत नाहीत. ओढणी फिरवायची, म्हणजे ताणा आडवा होईल अशी. ठिपके तिच्याबरोबर फिरतात. ह्या दोन गोष्टी मुलांना एकदम पचत नाहीत आणि पचू नयेत. त्यानंतर दोन ओढण्या द्यायच्या, एक दाट विणीची आणि एक विरळ. दाट कापडात ठिपके जवळजवळ दिसतील असं वर्ग एकमुखाने सांगतो. होतं उलटं. दाट विणीतून ठिपके लांब लांब पडतात.

कारण फळ्यावर दोन भोकांनी सांगता येतं. धाग्यांमधल्या प्रत्येक फटीतून प्रकाशाची लाट पुढं पसरते. शेजारच्या दोन फटींतून आलेल्या लाटा ज्या दिशेला एकमेकींच्या बरोबर एक पूर्ण तरंगलांबी मागंपुढं असतात, त्या दिशेला शिखरावर शिखर येऊन उजेड वाढतो. फटी लांब असतील तर थोडं तिरकं गेलं की तेवढा फरक पडतो. फटी जवळ असतील तर तेवढाच फरक पडायला जास्त तिरकं जावं लागतं. म्हणून दाट वीण, लांब ठिपके. तांबड्या प्रकाशाची लाट निळ्यापेक्षा लांब, म्हणून तांबडा बाहेर. कापड सरकवलं तरी फटींमधलं अंतर तेच राहतं, म्हणून ठिपके हलत नाहीत. सगळं एका अंतरावर आणि एका तरंगलांबीवर येऊन थांबतं.

हा प्रयोग मी शोधला अशी मुलांची समजूत होते, ती मोडावी लागते. १७८०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाचे फ्रान्सिस हॉपकिन्सन संध्याकाळी दारात बसले असता त्यांनी खिशातला रेशमी रुमाल काढला आणि तो डोळ्यापुढं ताणून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघितलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांतले हे एक. रुमालाचे धागे मोठे होऊन दिसतायत असं त्यांनाही आधी वाटलं, आणि रुमाल हलवूनही पट्टे हलत नाहीत हे बघून तेही चक्रावले. त्यांनी १७८५ साली आपले मित्र डेव्हिड रिटनहाऊस यांना पत्र लिहून विचारलं. रिटनहाऊस घड्याळं बनवणारे आणि आकाशनिरीक्षक. त्यांना जास्त नेमकी मोजणी हवी होती. त्यांनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर केस आट्यांत समांतर ताणून बसवले. बाणा नसलेला ताणाच तो! त्यातून त्यांनी पट्ट्यांची अंतरं मोजली आणि निळ्यापेक्षा तांबडा जास्त वळतो हे नोंदवलं. लोलकात नेमकं उलटं होतं. प्रकाश ही लाट आहे हे थॉमस यंगने पटवून द्यायला अजून पंधराएक वर्षं होती, त्यामुळे समाधानकारक कारण कुणालाच देता आलं नाही. १८२१च्या सुमारास जर्मनीत फ्राउनहोफरने पुन्हा दोन स्क्रूंवर बारीक तारा ताणून तसंच साधन केलं, आणि तिथून पुढं ताऱ्यांच्या प्रकाशातले घटक ओळखण्यापर्यंत रस्ता गेला. सुरुवात रेशमी रुमालापासून झाली हे येवल्यात सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे कबूल.

मोजणीसाठी दिवा गैरसोयीचा. पुढं आम्ही जत्रेत मिळतो तसला लाल लेझर वापरायला लागलो. त्याच्या नळीवरच तरंगलांबी छापलेली असते, ६५० नॅनोमीटर. लेझरच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही, भिंतीकडेच बघायचं, हा नियम मोडणारा वर्गाबाहेर. ओढणी लाकडी चौकटीत ताणली, भिंत बरोबर ५ मीटरवर, आणि भिंतीवर लाल ठिपक्यांची ओळ. दहा अंतरं मोजली तर १३३ मिलिमीटर आली, म्हणजे दोन ठिपक्यांत १३.३. गणित गुणाकार-भागाकाराचं आहे: तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले ठिपक्यांचं अंतर. धाग्यापासून धाग्यापर्यंत ०.२४४ मिलिमीटर निघालं. इंचात १०४ तार.

ओढणी विणणारे काका शाळेजवळच राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी फणीचा हिशेब सांगितला: इंचात पन्नास घरं, घरात दोन तार, म्हणजे शंभर. मुलं माझ्याकडे बघायला लागली. चार तार जास्त कुठून आल्या? काका म्हणाले, 'मागावर ताण असतो. उतरलं की कापड आवळतं. चारेक तार तर वाढणारच.' मुलांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलाने भिंतीजवळ जाऊन आणखी एक गोष्ट काढली. दोन ठळक ठिपक्यांच्या बरोबर मधे एक फिका ठिपका होता. मीही तो बघितला होता आणि चौकटीतली धूळ समजलो होतो. काकांनी ओढणी उजेडाकडे धरून दाखवली. घरात दोन तार असतात, त्या एकमेकींना जरा चिकटून राहतात, आणि दोन घरांमधे फणीच्या काडीची जागा किंचित मोकळी राहते. फणीची ही खूण नव्या कापडात दिसते, धुतल्यावर बरीच जाते. म्हणजे ०.२४ मिलिमीटरच्या अंतराशिवाय त्याच्या दुपटीचंही एक अंतर कापडात पुन्हा पुन्हा येत होतं, आणि दुप्पट अंतराचे ठिपके अर्ध्या अंतरावर पडणार. जोडीची खूण पुसट, म्हणून ठिपका फिका. नंतर एका मुलाने घरून धुतलेली ओढणी आणली तर तिच्यात मधला ठिपका दिसेना.

फटी आणि लाटांचं हे नातं मुलांना खोडदलाही भेटलं. फेब्रुवारीत तिथं मुलांना घेऊन जायचो. कोपरगाव, संगमनेर करत नारायणगाव, तिथून आत. २८ फेब्रुवारी १९२८ या रामन परिणामाच्या दिवसाची आठवण म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, आणि तेव्हा तिथली प्रचंड रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. दूरदूरच्या शाळांच्या गाड्या, वाटाण्याच्या उसळीचा वास आणि मोबाईल बंद ठेवा म्हणून सांगणारे स्वयंसेवक, कारण हातातल्या फोनच्या लाटा आकाशातून येणाऱ्या लाटांपुढं कितीतरी प्रबळ असतात. आमच्या मुलांना थाळ्यांच्या आकाराचं नवल वाटलं ते दोनच मिनिटं. मग त्यांना दिसलं की थाळी भरीव नाही, स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे, आणि जाळीतून आभाळ दिसतंय. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना मुद्दाम अशी केली: दोरांच्या चौकटीवर ताणलेली हलकी जाळी, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. मधल्या भागात जाळीची भोकं साधारण एक सेंटिमीटरची, कडेला दोनची.

'एवढी विरळ? लाटा निसटत नाहीत?' मला वाटतं, भारतातल्या इतर कुठल्याही तालुक्यातल्या मुलांच्या आधी हा प्रश्न आमच्या मुलांच्या तोंडून आला असेल. उत्तर त्यांनी स्वतःच काढलं. हायड्रोजनची लाट २१ सेंटिमीटरची, दुर्बीण ज्या इतर लाटा टिपते त्यातल्या बऱ्याच मीटरभर लांबीच्या. त्यांच्यासमोर दोन सेंटिमीटरची जाळी म्हणजे भिंतच. उजेडाची लाट अर्ध्या मायक्रॉनची, तिला तीच जाळी मोकळं मैदान. आणि ओढणीच्या पाव मिलिमीटरच्या फटी उजेडाच्या लाटेच्या काही शे पट, म्हणून उजेड आरपारही जातो आणि जाता जाता थोडा वळतोही. भोक लहान की मोठं हे लाटेला विचारायचं. परतीच्या गाडीत चंदनापुरीच्या घाटापर्यंत जाळ्यांचीच चर्चा होती. त्यानंतर सगळे झोपले.

ओढणीचं काम तिथं थांबलं नाही. आतापर्यंत आम्ही ताणाच मोजला होता. ताण्याच्या तारा फणी ठरवते, त्यामुळे ओढणीभर आकडा सारखाच येतो. बाणा माणसाचा हात ठरवतो. प्रत्येक आडवी तार टाकली की फणी पुढं ठोकायची. ठोका जोरात तर तार दाट, हलका तर विरळ. यंत्रमागाच्या कापडावर लेझर कुठंही धरा, उभे ठिपके त्याच अंतरावर. हातमागाच्या ओढणीवर लेझर सरकवत नेला की उभे ठिपके हळूच जवळ येतात, लांब जातात. मुलींनी ओढणीच्या एका टोकापासून दर वीतभर अंतरावर बाण्याची तार मोजली आणि आलेख काढला. बराच भाग ८४च्या आसपास. मग एके ठिकाणी रेघ खाली उतरली, ७८. पुढं दोनअडीच हात तशीच चालली आणि परत वर गेली.

आलेख घेऊन मुली काकांच्या घरी गेल्या, मी मागोमाग. काकांनी चष्मा लावून कागदावरचा उतार बोटाने चाचपला, ओढणी उलगडून तो भाग शोधला आणि म्हणाले, 'हे आमच्या घरच्यांनी विणलं. मी दोन दिवस लग्नाला गेलो होतो. तिचा हात हलका आहे.' मुली एकमेकींकडे बघून हसल्या. भौतिकशास्त्राने घरात कोण कधी मागावर बसलं ते शोधून काढलं होतं.

काकू आतून चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी सगळं ऐकलेलंच होतं. कप ठेवून त्या म्हणाल्या, 'माझा हात हलका नाही. ह्यांनी जाताना कांड्या संपवल्या होत्या, मी दुसऱ्या लडीचं रेशीम भरलं. ते जाड होतं. जाड तारा इंचात कमीच बसणार ना?'

काका म्हणाले, रेशीम तेच होतं. काकू म्हणाल्या, नव्हतं. त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं, आणि माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मुलींनी मात्र कामाचं विचारलं: त्या लडीतलं थोडं उरलंय का? काकूंनी फडताळातून अर्धवट कांडी काढून दिली. एकट्या धाग्यावर लेझर टाकला तरी भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात, आणि धागा जितका बारीक तितके ते लांब. एक दशांश मिलिमीटरचा धागा असेल तर पाच मीटरवरच्या भिंतीवर पट्टे तीन सेंटिमीटरहून थोडे जास्त अंतरावर पडतील. जाड असेल तर जवळ येतील. ओढणीच्या काठाकडून दोन्ही भागांतली बाण्याची एकेक तार सोडवून घ्यायची आणि ह्या कांडीतल्या तारेशी ताडून बघायची, असं ठरलं. काकांनी त्यासाठी कात्री दिली. काकूंनी ती परत घेतली आणि तार स्वतः सोडवून दिली.